नोकरीत भेदभाव होतोय असं वाटतंय? तक्रार करायच्या आधी एवढं करून ठेवा

बॉस खडूस आहे, आवडत्या माणसांनाच चांगली कामं देतो, सगळ्यांसमोर झापतो, हे वाईटच आहे पण बहुतेक देशांच्या कायद्यात याला भेदभाव म्हणत नाहीत. विचित्र वाटेल, पण जो बॉस सगळ्यांनाच सारखा छळतो त्याच्यावर भेदभावाची केस बसत नाही (दुसरी कुठली तरी बसू शकते, तो वेगळा विषय). कायदा विचारतो ते एवढंच, की तुमच्याशी असं वागले ते कशामुळे? बाई आहात म्हणून, अमुक जातीचे, धर्माचे, रंगाचे आहात म्हणून, प्रेग्नंट आहात म्हणून, व्हीलचेअर वापरता म्हणून? हा 'म्हणून' सापडत नाही तोपर्यंत तक्रार लिहायला बसू नका.

कुठली कारणं चालतात ते देशादेशावर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा करार क्रमांक १११ आहे त्यात वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ अशी सात कारणं दिलीत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात नऊ आहेत, त्यात वय, अपंगत्व, लैंगिक कलसुद्धा येतं. अमेरिकेत वयाचं संरक्षण केंद्रीय कायद्याने चाळिशीनंतरच मिळतं. तिथला १९६४ चा नागरी हक्क कायदाही १५ किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच लागू होतो, म्हणजे छोट्या ऑफिसवाल्यांना राज्याचा कायदा बघावा लागतो. भारतात संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, खाजगीसाठी सगळं झाकणारा एकच कायदा नाही, मग कारणानुसार कायदा शोधायचा: पगारातला स्त्रीपुरुष फरक असेल तर १९७६ चा समान वेतन कायदा होता तो आता २०१९ च्या वेतन संहितेत गेलाय, एचआयव्ही असेल तर २०१७ चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा. त्यामुळे पहिलं काम, आपलं कारण एका वाक्यात लिहा आणि ते आपल्या देशातल्या कुठल्या कायद्यात बसतं ते शोधा. दोन कारणं असतील तर दोन्ही लिहा, नंतर घुसडायला जाल तर समोरचा वकील तेच धरून बसेल.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. नियम सगळ्यांना सारखा असला तरी भेदभाव होऊ शकतो! अमेरिकेतल्या एका वीज कंपनीने चांगल्या विभागात जायला हायस्कूलचं सर्टिफिकेट आणि दोन बुद्धिमत्ता चाचण्या अशी अट घातली होती. कागदावर गोऱ्या-काळ्या सगळ्यांना तीच अट, पण शाळा आधीच वेगळ्या आणि निकृष्ट मिळालेल्या काळ्या कामगारांपैकी बहुतेक त्यात गळायचे, आणि गंमत म्हणजे सर्टिफिकेट नसलेले जुने गोरे लोक तीच कामं व्यवस्थित करत होते. १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल आणि ती एका गटाला बाहेर ठेवत असेल तर ती बेकायदा, कंपनीचा हेतू कितीही स्वच्छ असो. याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. उंचीची अट, 'रात्री कधीही थांबावं लागेल'ची अट, अमुकच दिवशी सुट्टी नाही, असलं काही आडवं येत असेल तर 'नियम सगळ्यांनाच आहे' हे ऐकून गप्प बसू नका, उलट विचारा, लेखी विचारा, की या अटीची कामाला गरज काय?

पुढचा भाग कंटाळवाणा पण केस इथेच ठरते. तुलना शोधा. तेच काम करणारा, तेवढाच अनुभव असलेला, पण तुमच्या गटातला नसलेला माणूस, त्याला काय मिळालं? लिली लेडबेटर नावाची एक सुपरवायझर अमेरिकेत टायर कारखान्यात १९७९ पासून कामाला होती, निवृत्तीच्या सुमारास कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली त्यातून तिला पुरुष सहकाऱ्यांचे पगार कळले. तिला महिन्याला ३,७२७ डॉलर आणि त्याच पदावरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, तरी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टात ती ५ विरुद्ध ४ ने हरली, कारण पगार ठरवल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती म्हणे. म्हणजे जे माहीतच नाही त्याची तक्रार करायची! दोन वर्षांनी २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा आला की प्रत्येक कमी पगारासोबत मुदत नव्याने सुरू होते, पण तिला स्वतःला एक पैसा मिळाला नाही.

म्हणून मुदत आधी बघा, बाकी सगळं नंतर. अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे १८० दिवस, स्थानिक यंत्रणा असेल तर ३००. भारतात कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याखाली शेवटच्या घटनेपासून तीन महिने, तक्रार ऐकणाऱ्या समितीला उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन. ऑफिसमध्ये अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून बाहेरची मुदत आपोआप थांबते असं समजू नका, लोक नेमके यातच फसतात, एचआर 'बघतो बघतो' करत राहतं आणि तारीख निघून जाते.

डायरी ठेवा. त्याच दिवशी लिहा, तारीख, वेळ, कोण होतं, आणि शब्द जसेच्या तसे. 'सर घालून पाडून बोलले' हे लिहून काही होत नाही, 'तू आता बाळाकडे बघ, प्रोजेक्ट दुसऱ्याला देतो असं म्हणाले' हे लिहिलं तर होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका कारण काढून टाकतात त्या दिवशी लॅपटॉप आणि ईमेल दोन्ही बंद होतं. अप्रेझलच्या कॉप्या, शाबासकीचे मेल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट घरी ठेवा, पण क्लायंटची गोपनीय फाईल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्यावरूनच तुम्हाला काढायला त्यांना आयतं कारण मिळतं. गुपचूप रेकॉर्डिंग काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी तो गुन्हा आहे, आधी विचारून घ्या. तोंडी बोलणं झालं की संध्याकाळी एक साधा मेल टाका, 'आज आपलं असं असं बोलणं झालं, काही चुकत असेल तर कळवा.' उत्तर नाही आलं तरी तो मेल राहतो.

मग तक्रार. मला लोक वाचायला पाठवतात त्यातल्या बहुतेक तक्रारींत चार पानं दुःख असतं आणि कारण कुठेच नसतं. 'माझ्यावर अन्याय होतोय' लिहिलं तर कंपनी म्हणेल आम्हाला कुठे माहीत होतं हे लिंगभेदाबद्दल आहे. सरळ लिहा: 'अमुक तारखेला प्रमोशन नाकारलं, माझ्याएवढाच अनुभव आणि रेटिंग असलेल्या पुरुष सहकाऱ्याला दिलं, माझ्या मते हे मी बाई असल्यामुळे झालं, चौकशी करून लेखी उत्तर द्या.' एक पान पुरे.

असं कारणाचं नाव घेऊन लिहायचा आणखी एक फायदा आहे. तक्रारीनंतर अचानक रेटिंग पडलं, बदली झाली, मीटिंगला बोलवायचं बंद केलं तर तो सूड, आणि सूडाविरुद्ध बऱ्याच कायद्यांत वेगळं संरक्षण आहे, मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी, तक्रार प्रामाणिक असली म्हणजे झालं. अमेरिकेच्या आयोगाकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात. त्यामुळे तक्रारीच्या आधीचं रेटिंग आणि नंतरचं, दोन्ही जपून ठेवा.

पुरावा पूर्ण नाही म्हणून घाबरू नका. युरोपियन युनियनमध्ये २००० च्या निर्देशांनुसार कर्मचाऱ्याने संशयाला जागा आहे असं दाखवणारी तथ्यं मांडली की भेदभाव नव्हता हे सिद्ध करायचं काम मालकावर जातं.

अपंगत्व किंवा आजार असेल तर थोडं वेगळं आहे. तिथे नुसतं सारखं वागवून भागत नाही, वाजवी सोय करून द्यावी लागते, पण ती मागावी लागते. लेखी मागा आणि सगळी मेडिकल हिस्टरी ओतू नका, कामात काय अडतंय आणि काय दिलं तर अडणार नाही तेवढं सांगा, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), बसायची जागा, बदललेली वेळ.

आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. 'त्यांनी मला सोडायला भाग पाडलं' हे काही देशांत सिद्ध करता येतं पण काढून टाकल्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. निघताना समोर कागद ठेवतील, त्यात बरेचदा 'माझा कुठलाही दावा शिल्लक नाही' अशी ओळ असते, सही तिथल्या तिथे करायची नाही, घरी नेतो म्हणायचं, कामगार वकिलाला किंवा युनियनमधल्या माणसाला दाखवायचं, आणि नेऊ देत नसतील तर तेही डायरीत, वेळेसकट.