वाळवलेले शिताके मशरूम कोरियन जेवणात कसे वापरायचे

सगळ्यात आधी हेच सांगते, शिताके भिजवलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. अर्धी चव त्या पाण्यातच असते, पण बरेच जण मशरूम पिळून घेतात नि ते चहाच्या रंगाचं पाणी फेकून देतात आणि मग म्हणतात, कोरियन सूप घरी तसं लागतच नाही.

कोरियात शिताकेला प्योगो म्हणतात, दक्षिण जोल्ला प्रांतातलं जांगहुंग त्यासाठी फेमस आहे. ताज्यापेक्षा वाळवलेले जास्त कामाचे, कारण वाळवून, भिजवून मग शिजवलं की त्यात ग्वानिलेट, म्हणजे चव वाढवणारा एक घटक, तयार होतो, ताज्यात तो नावालाच असतो. घेताना टोपी जाड आणि कडा आत वळलेल्या बघा. पातळ पसरट असतात ते स्वस्त पडतात, स्टॉकला मस्त चालतात. टोपीवर पांढऱ्या भेगा असलेले सगळ्यात महाग, ते बारीक चिरून नूडल्समध्ये घालायचे म्हणजे पैसे वायाच. पावसाळ्यात पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर मऊ पडतात.

स्टेप 1, भिजवणं: 8-10 मशरूम पटकन धुऊन 1 लिटर गार पाण्यात टाका, वर एखादी वाटी दाबून ठेवा कारण ते तरंगतात, आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. घाई असेल तर कोमट पाणी आणि चिमूटभर साखर, अर्धा-पाऊण तास, पण जाड मशरूम मध्ये कडकच राहतात, देठापाशी बोटाने दाबून बघा. उकळतं पाणी ओतायचा मोह टाळा. मऊ झाले की त्याच भांड्यावर पिळा, तळाशी बारीक रेती असते म्हणून पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्या.

स्टेप 2: देठ कात्रीने कापा. ते चिवट असतात, स्टॉकमध्ये टाका नाहीतर फ्रीझरमध्ये साठवा.

स्टेप 3, स्टॉक: गाळलेलं पाणी, देठ, दोन-तीन मशरूम आणि हाताच्या पंजाएवढा दाशिमाचा, म्हणजे वाळलेल्या समुद्री केल्पचा, तुकडा मंद आचेवर ठेवा. उकळी फुटायला लागली की दाशिमा काढायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. मशरूम अजून 15-20 मिनिटं उकळू द्या. दाशिमातलं ग्लुटामेट (हाही चव वाढवणारा घटकच) आणि मशरूममधलं ग्वानिलेट एकत्र आलं की चव नुसती वाढत नाही, कितीतरी पट होते. एरवी कोरियन स्टॉकमध्ये सुकी मासळी असते, त्यामुळे शाकाहारी माणूस तिथेच अडतो, पण तिथल्या बौद्ध मठांतला स्वयंपाक मासळी तर सोडाच, कांदा-लसणाशिवायही होतो आणि त्यात प्योगोचा मोठा आधार असतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना आयतीच सोय! या स्टॉकमध्ये बटाटा, झुकिनी, टोफू आणि 2 चमचे दोएनजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, विरघळवली की जिगे, म्हणजे कोरियन दाटसर रस्सा, तयार. दोएनजांगच्या डब्यावरचं लेबल मात्र वाचा, काहींमध्ये मासळीचा अर्क असतो.

स्टेप 4, जापचे, म्हणजे भाज्या घातलेल्या परतलेल्या नूडल्स: इथे मशरूम आधी वेगळे मुरवायचे, ही पायरी गाळली की ते नूडल्समध्ये फिक्के लागतात. 5-6 मशरूमच्या पातळ पट्ट्या, 1 मोठा चमचा सोया सॉस, 1 छोटा चमचा साखर, थोडं तिळाचं तेल, हवा तर ठेचलेला लसूण, हाताने चोळून 10-15 मिनिटं ठेवा. आपलं घाण्याचं तिळाचं तेल इथे नको, भाजलेल्या तिळाचं गडद तेलच हवं, वास सगळा त्याचाच असतो. मग थोड्या तेलात कडा तपकिरी होईपर्यंत परता. गाजर, कांदा वेगवेगळे परता, पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळा, सगळं एकदम कढईत टाकलं तर पाणी सुटतं. 200 ग्रॅम दांगम्यॉन म्हणजे रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स 6-7 मिनिटं उकळून गार पाण्याने धुवा, कात्रीने दोन-तीनदा कापा, सोया सॉस, साखर, तीळतेल घालून परता आणि शेवटी सगळं हाताने एकत्र करा.

शिताके अर्धेकच्चे खाऊ नका, काही जणांच्या अंगावर त्याने लाल वळ उठतात.

पाकिटाच्या तळाला जो चुरा उरतो तो मिक्सरमधून फिरवून बाटलीत भरा, सूप पांचट वाटलं की उकळताना अर्धा चमचा टाकायचा.