चाकांचे अलाइनमेंट घरच्या घरी तपासताना

गोव्यात पावसाळ्यात रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली झाकले जातात आणि अनमोड किंवा चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्या गाडीचे पुढचे चाक अशा खड्ड्यात एकदा जोराने आदळले, तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची जुळलेली दिशा आणि कोन, बिघडू शकते. म्हणून पाऊस ओसरला की ते तपासून घ्यावे.

मात्र गाडी एका बाजूला ओढते म्हणजे दोष अलाइनमेंटचाच, असे धरून चालू नये. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालवत असल्यामुळे गाडी किंचित डावीकडे झुकणे स्वाभाविक आहे. तेव्हा परीक्षा सपाट पट्ट्यावर घ्यावी आणि त्याआधी, टायर थंड असताना, चारही चाकांतील हवा तपासावी. पुढचे दोन टायर आपापसांत बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा समजावा.

यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहावे. टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे टोक), बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग यांत खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला, तर तो भाग आधी बदलावा, कारण सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. हे काम टाळून थेट अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढवण्याची घाई मला सर्वांत चुकीची वाटते.

घरी मोजता येतो तो टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या पुढील कडांमधील आणि मागील कडांमधील अंतराचा फरक. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून उभी करावी. दोन्ही पुढच्या टायरच्या मागील बाजूस, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर, खडूने खूण करून त्या दोन खुणांमधले अंतर दोघांनी टेप धरून मोजावे. मग गाडी पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत, म्हणजे त्याच खुणा त्याच उंचीवर समोर येतात आणि रिम थोडी वाकडी असली तरी मापात चूक शिरत नाही. पुढचे अंतर कमी भरले तर टो-इन, जास्त भरले तर टो-आउट. योग्य आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

मोजलेला टो त्या आकड्याशी जुळत नसल्यास स्टिअरिंग पूर्ण वळवून टाय रॉडचा लॉक नट सैल करावा आणि रबर बूट पिळला जाणार नाही याची काळजी घेऊन दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच, एका वेळी पाव फेरा, फिरवावेत. रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा स्टिअरिंगचा दांडा) चाकांच्या आसाच्या मागे असलेल्या गाड्यांत रॉड लांब केल्यास टो-इन वाढते. दर वेळी गाडी काही मीटर पुढे नेऊन पुन्हा मोजावे. मागे ढकलून मोजलेले माप ग्राह्य धरू नये. शेवटी लॉक नट घट्ट करावेत.

टायर फक्त आतल्या कडेने झिजत असेल, तर कॅम्बरचाही, म्हणजे समोरून पाहिल्यास चाक आत-बाहेर कलण्याच्या कोनाचाही, संशय घ्यावा. अनेक छोट्या गाड्यांत तो बदलण्याची सोयच नसते. माप चुकले असेल तर स्ट्रट किंवा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग) वाकल्याची शक्यता असते. अशा वेळी यंत्रावर मोजणी करून घ्यावी आणि दुरुस्तीआधीची व नंतरची अशी दोन्ही मापे कागदावर मागून घ्यावीत.

टो बरोबर असूनही सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके दिसत असेल, तर एक रॉड जितका लांब कराल तितकाच दुसरा आखूड करावा. टो तसाच राहतो आणि स्टिअरिंग मध्यावर येते.