चुन्याची पोती आणण्याआधी

माझं माहेर सावंतवाडीकडचं आणि सासर इंदूरचं, त्यामुळे चिबड, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या, जमिनीच्या दोन्ही तऱ्हा मी तुडवल्या आहेत. इंदूरजवळ सांवेरकडे आमचं तीन एकरांचं बीड आहे. बीड म्हणजे इकडे गवताचं कुरण. सासरी आल्यावर पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला मराठवाड्यातलं गाव वाटलं होतं. दरवर्षी ऑगस्टात खालच्या अर्ध्या भागात पाणी तुंबायचं, गवत पिवळं पडायचं आणि लव्हाळा माजायचा. माहेरी दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "चुना टाक." टाकला. पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथेच, लव्हाळाही तिथेच.

दादाचं चुकलं नव्हतं. कोकणात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मातीतला चुना धुऊन नेतो. जांभ्या मातीचा सामू (pH, सातच्या खाली माती आम्ल) 5.5च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळं खुरटवतं, स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतं आणि द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. तिथे चुना हवाच. आमच्या माळव्यात पाऊस 1000 मिलिमीटरच्या आतबाहेर, माती काळी चिकण, सामू बहुधा 7.5 ते 8.5. नांगर फिरवला की चुनखडीचे खडे वर येतात. अशा जमिनीत मी आणखी चुना ओतला होता.

म्हणून आधी खड्डा खणा. दोन फूट पुरे. आमच्याकडे दीड फुटावर माती राखाडी लागली, जुन्या मुळांच्या कडेने गंजासारख्या तांबूस रेघा, आणि ढेकूळ फोडलं तर नासक्या अंड्याचा वास. मुळं पांढरी असायला हवीत. आमची काळी पडून बोटात सुटून येत होती. म्हणजे मातीत हवाच उरली नव्हती. पिवळेपणाचं कारणही तेच: पाण्याखालच्या मातीतले जिवाणू नत्राचा (नायट्रोजनचा) वायू करून उडवतात, आणि कुजलेली मुळं उरलेलं नत्रही उचलत नाहीत. तुंबलेल्या पाण्यात युरिया फेकणं म्हणजे पैसे फेकणं. वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी ओसरून माती नुसती ओलसर राहिली की, थोडा थोडा द्या.

मग मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना भरपूर आहे, पोती आणू नका. फसफसलं नाही म्हणून माती आम्ल ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. नमुना मे महिन्यात घ्या. पाणी साचलेलं असताना आम्ल मातीचा सामू वर सरकतो, आमच्यासारखीचा खाली येतो, दोन्ही सातच्या जवळ जातात आणि आकडा फसवतो. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची अर्ध्या फुटापर्यंतची माती घ्या. शेणाचे पो, झाडाखालची जागा आणि बांध टाळा. एकत्र कालवून अर्धा किलो सावलीत वाळवा.

आता चर. काळ्या मातीतून पाणी आडवं फार हळू झिरपतं, म्हणून इथे जमिनीत पाइप पुरण्यापेक्षा वरचे उघडे चर बरे. खणायला सुरुवात खालच्या टोकाकडून, जिथे पाणी सोडायचं तिथून. आम्ही वरून सुरू केलं होतं आणि तीन दिवस एक लांबलचक हौद खणत बसलो. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून पातळी बघा. 100 फुटांना तीन इंच उतार पुरतो. चर फूट-दीड फूट खोल, दोन चरांमध्ये वीस-पंचवीस फूट अंतर, आणि निघालेली माती मधल्या पट्ट्यावर पसरा म्हणजे पट्टा उंचावतो. त्यात शेणखत आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती मिसळा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920च्या दशकात इथेच, इंदूरला, कंपोस्टाची जी पद्धत बसवली तिच्यातही ही मूतमाती होती. पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका, नाल्यापर्यंत न्या. म्हशी जिथून चर ओलांडतात तिथे दगड-मुरूम भरून, खाली पाइप टाकून वाट करा, नाहीतर आठवड्यात काठ ढासळतात.

सगळ्यात जास्त नासधूस खुरांनी होते. चार-पाचशे किलोचं जनावर चार खुरांवर ओल्या मातीत उभं राहतं, खाली पाच-सहा इंचांवर थर घट्ट होतो आणि वरची भोकं पाणी धरून ठेवतात. सकाळी टाच दाबून बघा. खळग्यात पाणी पाझरलं तर त्या दिवशी म्हशी सोडू नका, चारा कापून आणा. सासूबाईंना हे पटायला दोन पावसाळे लागले. गोठ्याजवळ मुरूम टाकलेला एक कोपरा मोकळा ठेवा, तिथेच फिरू द्या. सगळ्यात सखल जागी पॅरा गवताची कांडी लावा, ते पाण्यात तग धरतं. लसूणघास तिथे लावाल तर मरेल. यकृतकृमी गोगलगायींमार्फत जनावरांत पसरतात, म्हणून डबक्याकाठी त्या दिसल्या तर पशुवैद्याकडून यकृतकृमीचं औषध विचारून घ्या.

माती खरंच आम्ल निघाली, तरीही चर आधी. मग प्रयोगशाळा सांगेल तेवढीच चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची भुकटी), पावसाआधी, मातीत मिसळून. जनावरं चरतात त्या कुरणावर कळीचा (न विझवलेला) चुना नको, जनावरांची तोंडं आणि खुरं भाजतात.

चर खणून झाले की जूनचे पहिले पाऊस काळ्या मातीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगाच पिऊन टाकतात, तेव्हा काही कळत नाही. भेगा मिटल्यावरच्या मोठ्या सरीत छत्री आणि फावडं घेऊन बीडात जा. पाणी जिथे थबकतं तिथे खुंटी ठोका आणि पाऊस थांबताच तेवढीच जागा उतरवा. आमच्या सहा खुंट्या लागल्या. त्यातल्या चार गोठ्याच्या वाटेवर होत्या.