थंडीच्या आधी घराची तयारी: वाकळा नंतर काढा, पहिला न्हाणीत बघा

सकाळी खोबरेलची बाटली उलटी धरली आणि तेल खाली आलंच नाही की आमच्या घरात थंडी आली म्हणायचं. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजायला लागतं त्यामुळं हा आपला घरचा थर्मामीटर. कोल्हापुरात बर्फ पडत नाही, नळाचं पाणी गोठत नाही, गोठलेलं दव बघायचं असलं तर महाबळेश्वरला वेण्णा लेकवर जावं लागतंय, म्हणून थंडीसाठी घर तयार करायचं असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. पावसाळ्याआधी पत्रे बघतो, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं तर सामान कुठं हलवायचं ते ठरवतो, आणि थंडीला माळ्यावरच्या वाकळा उन्हात टाकल्या की झालं. पण आपल्याकडं थंडीपेक्षा जास्त धोका आहे तो थंडी वाजते म्हणून खिडक्यादारं गच्च लावून आत जाळ करण्याचा, आणि हे मी आमच्याच घरात बघितलंय.

चार वर्षांमागची दिवाळी, पहिली आंघोळ. घरात नऊ माणसं, पहाटे चारपासून एकामागं एक नंबर लागलेले. बाथरूम एवढंसं, गॅस गीझर आतच भिंतीवर, आणि वारं येतं म्हणून वरच्या झडपांच्या खिडकीला आदल्या रात्री मीच पुठ्ठा लावलेला. शेवटी वहिनी गेल्या. आम्ही सगळे सोप्यात फराळाला बसत होतो तेवढ्यात आई म्हणाली, अरे पाण्याचा आवाज येतोय पण तांब्याचा आवाज का नाही? हाका मारल्या, उत्तर नाही. दादानं खांदा देऊन कडी तोडली तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, अंगावर उटणं तसंच, बादली भरून वाहतीया. उघड्यावर आणलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुपारी बोलायला लागल्या. आईनं बादलीचा आवाज ऐकला नसता तर काय झालं असतं हे आजही मनात आलं की पोटात गोळा येतो.

गॅसचा वास कुणालाच आला नव्हता आणि इथंच सगळे फसतात. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गीझरमधे गळती नव्हतीच, गॅस नीट जळत होता, पण बंद खोलीत जळता जळता हवेतला ऑक्सिजन कमी होत गेला आणि मग जाळ अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागला. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेतोय पण ऑक्सिजन अंगात पोचतच नाही. आधी डोकं जड, मग मळमळ, पायातलं बळ जातं आणि कडी काढायला हात उचलत नाही. पहिल्या माणसाला काही होत नाही, साठत साठत शेवटच्याला गाठतो, म्हणून सणाच्या दिवशी जास्त जपायचं.

तर पहिलं काम, गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर काढा. परड्यात, गॅलरीत, जिथं हवा खेळती आहे तिथं भिंतीवर, पावसापासून आडोसा करून, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. प्लंबरचं फार मोठं काम नाही हे. आपल्या जुन्या घरातनी तांब्याचा बंब कुठं असायचा आठवा, परड्यात. आजी तिथं शेणी-लाकडं सारायची आणि तापलेलं पाणी न्हाणीत आणायची. धूर डोळ्याला झोंबायचा म्हणून जाळ बाहेर ठेवायची अक्कल आपोआप यायची, आता धूर दिसत नाही म्हणून आपण जाळ उचलून चार बाय सहाच्या खोलीत नेऊन टांगला.

गीझर बाहेर काढेपर्यंत तरी एक पाळा. बादल्या भरून घ्यायच्या, गीझर बंद करायचा, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवायचं आणि मगच आंघोळीला जायचं, चालू गीझरखाली शॉवर अजिबात नको. झडपांच्या खिडकीतल्या दोन काचा कायमच्या काढून टाका आणि दाराला खालच्या बाजूला जाळी पाडून घ्या. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही कारण आत हवा यायला वाट नसली तर तो ओढणार काय? जाळ निळा पाहिजे, पिवळा दिसला किंवा वर काजळी धरली तर त्या दिवसापासून वापर बंद, आधी सर्व्हिसिंग. नारिंगी रबरी पाइपवर तारीख छापलेली असते ती बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. आणि कडी अशी बसवा की बाहेरनं उघडता येईल, म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना तर कडी लावूच नका म्हणून सांगा.

तरी कुणी आत पडलंच तर दार उघडून आपला श्वास धरून आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा, मग सिलिंडर बंद, मग १०८. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लावून आकडा बरा आहे म्हणून घरी बसू नका, ते मशीन या विषारी वायूत फसतं आणि ९८ सुद्धा दाखवतं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की गॅस गीझर चालू होता.

कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे यांचंही तेच. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायची पद्धत अजून बऱ्याच घरात आहे, शेक द्या पण खिडकी उघडी ठेवून, आणि शेक झाला की शेगडी खोलीच्या बाहेर. निखाऱ्यावर राख धरली, धूर दिसत नाही म्हणजे विझले असं नसतं, उलट तेव्हाच हा वायू सुटत असतो. रात्रभर शेगडी ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही.

लाइटवरच्या गीझरला हा धोका नाही पण ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो, त्याला स्वतंत्र जाड वायर आणि मोठा सॉकेट पाहिजे, मिक्सरच्या बोर्डावर चालवू नका. अर्थिंग तपासा, घराच्या बोर्डात आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातनं एकदा दाबून बघा. बादलीत हीटरचा रॉड असला तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. सोलर असेल त्यांनी दिवाळीआधी नळ्या ओल्या फडक्यानं पुसून घ्या, उसाच्या सीझनला धूळ आणि पाचट जाळल्याची काजळी लई बसती, आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपला फोमचं आवरण घाला.

आता घर उबदार ठेवायचं. डिसेंबरात दुपारचा सूर्य आपल्याकडं दक्षिणेला कलून साधारण ५० अंशावर असतो त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतनं ऊन खोलीत आतपर्यंत येतं. अकरा ते चार पडदे बाजूला करा, फरशी तापू दे, आणि सूर्य मावळायच्या आधी खिडक्या लावा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी करून लावा (झोपायच्या खोलीच्या, बाथरूमच्या नाही). शहाबादी फरशीवर सतरंजी किंवा घोंगडं टाका. एक जाड रग घेण्यापेक्षा दोन पातळ वाकळा बऱ्या, मधली हवा ऊब धरते, पण त्या उन्हात खडखडीत वाळल्या पाहिजेत.

पत्र्याचं घर असेल तर थंडी जास्त लागणारच. आभाळ मोकळं असलं की पत्रा रात्री भराभर निवतो, खोलीतल्या हवेपेक्षा गार होतो आणि आतली वाफ त्याला लागून थेंब पडायला लागतात. पत्र्याखाली बांबूवर बारदान किंवा जुनी ताडपत्री ताणून बांधा, मधे वीतभर जागा सोडून. थर्माकोल लावू नका, पेट घेतो.

गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला बारदान सोडा, रेडकाखाली कोरडं पिंजर टाका आणि ओलं झालं की रोज बदला. डासांसाठी धूर करायचा तर गोठ्याच्या बाहेर, वाऱ्याचा अंदाज घेऊन.

हे सगळं वसुबारसेच्या आधीच्या रविवारी उरकतं. आमच्यात आता पहिल्या आंघोळीला बाथरूमच्या बाहेर पाटावर एक माणूस बसलेला असतो, बहुतेक वेळा आईच, आणि आतल्यानं मधनं मधनं ओ द्यायची.