ठसे नंतर, आधी कागद

भाच्याच्या मुंजीची साठ आमंत्रणं मी घरीच करायला घेतली होती. चकचकीत आर्ट पेपर, त्यावर पिगमेंट शाईनं गणपतीचा ठसा. रात्रभर सुकायला पसरून ठेवली. सकाळी पाकिटात भरताना बोट लागलं आणि सोंड ओघळून थेट तारखेपर्यंत गेली. शाई उत्तम होती, कागदही महागाचा होता. दोघांचं आपसात जुळत नव्हतं.

म्हणून सांगते, ठसे गोळा करण्याआधी कागद आणि शाई यांची जोडी बघा. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते आणि सावकाश सुकते. साध्या, शाई शोषणाऱ्या कागदावर ती सुंदर दिसते, एम्बॉसिंग पावडरलाही (ओल्या ठशावर टाकून गरम केली की वितळून नक्षी उठावदार करणारी पूड) हीच हवी. डाय शाई कागदात मुरते, चटकन सुकते, पण उजेडात फिकी पडते. फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर ती नको. चकचकीत कागदाला सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातली शाई, लागते. मात्र ती पारदर्शक, मऊ प्लास्टिकच्या ठशांना हळूहळू खराब करते, तिच्यासाठी रबराचेच ठसे ठेवा.

इथे इंदूरमध्ये रामबागेतून खजुरी बाजारात जाताना माझ्या पर्समध्ये एक छोटा ठसा आणि पॅड असतं. दुकानदाराकडे कागदाची कातरण मागते आणि तिथेच ठसा उमटवून बघते. रेषेच्या कडेला शाईचे केस फुटले की तो कागद परत. हातकागद दिसायला मोहक असतो, पण खरखरीत असेल तर बारीक नक्षी तुटक उमटते. त्याची नुसती पट्टी लावा, ठसा गुळगुळीत कागदावर घ्या.

जाडीबद्दल कुणाच्या शब्दावर जाऊ नका. ए-४ आकाराचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो. तेवढे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, जितके ग्रॅम भरतील तितकं त्याचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. उभ्या राहणाऱ्या कार्डाला मी 250 ते 300 जीएसएम घेते, त्यावर चिकटवायच्या वरच्या थराला 120 पुरतो. आणि घडी घालण्याआधी कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवा. ज्या दिशेनं तो सहज वळतो तिथेच घडी घाला. उलट्या दिशेला घातली की जाड कागदाची कड तडकते, रंगीत कागदात तर आतली पांढरी रेघ दिसते.

आता ठसा. रबर उजेडात तिरपं धरा: रेषांमधली खोलगट जागा चांगली खोल हवी, नाहीतर तिथेही शाई लागते आणि चित्र गढूळ उमटतं. नक्षीभोवतीचं फालतू रबर जवळून कापलेलं हवं. रबर आणि लाकूड यांच्यामध्ये फोमचा थर असला की दाब सगळीकडे सारखा पडतो. माझ्या मते पैसे खरे इथे मोजावेत. पारदर्शक फोटोपॉलिमरचे ठसे कुठे उमटणार ते आरपार दिसतं, त्यामुळे नवशिक्यांना सोयीचे. ते उन्हात पिवळे पडतात. हे ठसे ज्या पारदर्शक ठोकळ्याला चिकटवून वापरतात त्याला चिकटेनासे झाले तर सौम्य साबणानं धुवा, पुन्हा चिकटतात.

पांढऱ्या गोंदातल्या पाण्यानं पातळ कागद सुरकुततो. थरांना दुहेरी टेप बरी.

घरी आणल्यावर शाईची पॅडं झाकण घट्ट लावून उलटी ठेवा, म्हणजे शाई वरच्या बाजूला राहते. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात तर खिडकीपासून लांब, कपाटाच्या खालच्या कप्प्यात.