फळाचं चीज सँडविच का फसतं: या चुका टाळा

चीजबरोबर फळ कसं लागेल, ही शंका इंदूरच्या माणसाला पडू नये. सकाळी पोह्यावर सेव आणि जीरावन (वरून भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला), आणि त्याच प्लेटमधून जिलेबीचा तुकडा, हे आपल्याकडे बालवाडीपासून चालतं. गोड-खारट जिभेला नवीन नाही. तरी घरोघरी हे सँडविच होतं तेव्हा एकाच तऱ्हेने बिघडतं: बाहेरून काळं, आत चीज थंडगार आणि मधून पाणी. मग मला फोटो येतात, "काकू, काय चुकलं?" बहुतेकदा फोटोतच दिसतं.

पहिली चूक, आणि हिच्यावर मी थोडी चिडूनच लिहिते आहे, म्हणजे ओलं फळ.

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीच्या आनंद मेळ्यात तीन-चार मुलींनी अननस-चीज सँडविचचा स्टॉल लावला. कल्पना झकास. दुपारी अननस चिरला, वर मीठ, मिरपूड आणि सढळ हाताने जीरावन घातलं आणि डब्याला झाकण लावलं. मी म्हटलं, "अगं, मसाला आत्ता नको." तर म्हणे, "मुरू दे ना काकू, चव उतरेल." लोणचं घालत होत्या की सँडविच, देव जाणे. संध्याकाळी डबा उघडला तर तळाशी वाटीभर रस. त्यात गर्दीच्या वेळी घाई नको म्हणून त्याच निथळत्या फोडी ब्रेडवर मांडून सँडविचची चळत आधीच रचली. आरती संपून लोक येईपर्यंत खालच्या सँडविचचा ब्रेड बोटाला चिकटायला लागला होता. टोस्टर उघडला की वरची स्लाइस वरच्या पत्र्याला, खालची खालच्या पत्र्याला आणि मधे अननस लोंबतोय. एका आजोबांनी कुपन दिलं, प्लेट हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "बेटा, चमचा मिळेल?"

यात नशिबाचा काही भाग नव्हता. अननसात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, सफरचंदात साधारण तेवढंच, पेरूत थोडं कमी. मीठ लागलं की ते पाणी बाहेर येतं, आणि जीरावनात काळं मीठ असतंच. ब्रेडला तो खरपूस बदामी रंग यायला १४० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं, पण ब्रेड ओला असेतो पाणी त्याला १०० च्या वर जाऊ देत नाही. म्हणून ओलं सँडविच तव्यावर कितीही ठेवा, ते शिजत बसतं, भाजलं जात नाही.

माझी सवय सांगते. सफरचंद किंवा नाशपाती असेल तर पातळ काप करायचे, जाडी दोन-तीन मिलिमीटर, आणि जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यावर पसरून वरून टिपायचे. टिश्यू पेपर फाटून फळाला चिकटतो, मला आवडत नाही. अननस मात्र नुसता टिपून भागत नाही. त्याचे काप कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कडा तांबूस होईपर्यंत भाजून घ्यायचे आणि गार होऊ द्यायचे. यात दुसराही फायदा आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं आणि दूध-पनीर कडवट करतं. नीट भाजल्यावर त्याचा जोर संपतो. डब्यातला अननस आधीच गरम केलेला असतो, त्यामुळे ही कटकट नाही, पण त्याचा पाक निथळून घ्यावा लागतो.

रचताना चीज फळाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे. मधे फळ. चीज वितळून ब्रेड आणि फळाच्या मधे भिंत होते, आणि सँडविच धरूनही ठेवते. जीरावन शेवटी, खायच्या क्षणी.

दुसरी मोठी चूक गॅसची. आजकालच्या मुलांना सगळं अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये झालेलं दिसतं, म्हणून गॅस फुल्ल. ब्रेड मिनिटभरात काळा पडतो, आणि आतलं चीज फ्रिजमधून निघालं तसंच. चीज नीट वितळायला ते आतून ६०-७० अंशांपर्यंत तापावं लागतं आणि ती उष्णता ब्रेडमधून हळूहळूच आत जाते. तिथे तुमची घाई चालत नाही. जाड बुडाचा तवा, गॅस मंद, वर झाकण, एका बाजूला चार-पाच मिनिटं. उलटल्यावर झाकण काढा, नाहीतर वाफेने कुरकुरीतपणा जातो. चीज अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलं तर काम निम्मं होतं. हातात धरून गॅसवर फिरवायचा टोस्टर असेल तर ज्योत आणखी बारीक ठेवा आणि पंधरा-वीस सेकंदांनी बाजू बदला. फोनवर बोलत बोलत हे होत नाही.

नुसत्या बटरने करायचं तर त्यातला दुधाचा अंश लवकर जळतो. मी अर्धं बटर, अर्धं साजूक तूप लावते. आणि ब्रेडला बाहेरून मध लावून "कॅरमलाइज" करणाऱ्यांनी कृपया थांबावं. मधातली फळसाखर ११० अंशांच्या आसपासच करपायला लागते, म्हणजे ब्रेडला रंग चढायच्या आधी तव्यावर कोळसा. मध हवाच असेल तर ताटलीत वरून. जॅमही आतच, एक चमचा, आणि कडेपासून बोटभर आत.

चीजबद्दल लोक उगाच लाजतात. "आमच्याकडे साधंच प्रोसेस्ड आहे हो." असू दे की. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये चीज टिकावं म्हणून सोडियम सायट्रेट घालून प्रोसेस्ड चीज तयार झालं. त्या क्षारामुळेच ते वितळताना तूप सोडत नाही, आणि फळाच्या सँडविचला हा गुण फार उपयोगी. ताराच हव्यात तर थोडं मोझरेला मिसळा, पण पाण्यातल्या गोळ्याचं नको, कोरड्या लादीचं. फसवणूक होते ती दुसरीकडे: वनस्पती तेलाचं चीजसारखं दिसणारं स्वस्त प्रकरण. ते रबरासारखं राहतं. पाकिटावर घटक लिहिलेले असतात, वाचायचे कष्ट घ्या.

बाकी चुका फटाफट:

पिकलेला हापूस, केशर आत घालू नका, लगदा होतो. घट्ट तोतापुरी चालते.

पेरू (आपल्या इंदूरच्या बाजारात जाम म्हणून मिळतो तो) बियांसकट नको, मधला गर चमच्याने काढा. हिरवी मिरची बारीक चिरून पेरूबरोबर घातली तर मला याहून चांगलं काही लागत नाही.

पुदिन्याची चटणी पातळ असेल तर पहिल्या चुकीचं सगळं पुन्हा वाचा.

सेव आत भरून भाजू नका. आपण इंदूरकर, सेव टाळवत नाही हे कबूल, पण ती खाताना वरून.

थंडीत दगड झालेलं बटर ब्रेडवर घासलं की ब्रेड फाटतो. आधी बाहेर काढा, किंवा सरळ तव्यावर सोडा.

केळं? नको.

तव्यावरून काढलं की लगेच ताटलीत पालथं घालून सुरी चालवतात, तेही नको. दोन मिनिटं जाळीवर ठेवा. खालून वाफ निघून जाते, चीज थोडं आवळतं आणि कापताना फळ बाजूने घसरत नाही. डब्यात द्यायचं असेल तर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. आणि जीरावनाची पुडी वेगळी द्या, मुलं शाळेत आपापली भुरभुरून घेतात.