पिल्लाचा रंग बदलतोय? ब्रीडरशी भांडण्याआधी आणि औषध आणण्याआधी या चुका टाळा

"काळं पिल्लू आणलं होतं, सहा महिन्यांत राखाडी झालं. आम्हाला फसवलं का?" शिह त्झू, ल्हासा, यॉर्की, पूडल, पॉमेरेनियन अशा छोट्या जातींची कुत्री पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. याच घरांत दुसरं एक वाक्यही ऐकू येतं, "पंजे तांबडे झालेत, पण वाढतं वय आहे, रंग बदलत असेल." पहिल्या घरात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. दुसऱ्या घरात बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. आणि लोक नेमके पहिल्यासाठी तेलं, टॉनिकं आणतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात.

आठ आठवड्यांचा रंग कायमचा समजणं

कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीबाबतच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे सगळं कायदेशीर झालं तरी तुम्ही रंग पसंत करता तो दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाचा. या छोट्या जातींमध्ये त्या वयाचा रंग हा निव्वळ सुरुवातीचा रंग असतो.

यॉर्कशायर टेरियरचं उदाहरण सगळ्यात ठळक. जन्मतः ही पिल्लं काळी असतात, भुवयांवर, तोंडाशी आणि पायांवर तेवढा तपकिरी रंग. पाठीवरचा तो प्रसिद्ध पोलादी निळसर रंग आणि डोक्यावरचं सोनेरी हळूहळू येतं, पूर्ण व्हायला एक ते तीन वर्षं लागतात. दीड वर्षाच्या यॉर्कीची पाठ अजून काळी आहे म्हणून "मिक्स ब्रीड दिलं" असं ठरवून टाकणं घाईचं आहे.

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांच्यात वयाबरोबर काळा रंग उतरवणारा एक जनुकीय गुण असतो. तो प्रबळ आहे, आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. पिल्लू कुळकुळीत काळं जन्मतं आणि पुढे चंदेरी किंवा राखाडी होतं. चंदेरी पूडलचा चेहरा भादरला की सहाव्या-आठव्या आठवड्यातच खाली फिकट केस दिसतात, बाकी अंग मात्र काळंच असतं. शिह त्झूचा चेहरा त्या वयात कुणी भादरत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागतो तो पाच-सहा महिन्यांनी.

तिसरा प्रकार सेबलचा. इथे प्रत्येक केस मुळाशी सोनेरी किंवा तांबूस आणि टोकाला काळा असतो. लहानपणी टोकंच जास्त दिसतात, म्हणून पिल्लू काळपट किंवा मातकट वाटतं. नारिंगी पॉमेरेनियन लहान असताना असंच धुरकट दिसतं. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास त्याची बाळलव झडते, तोंड बारीक दिसू लागतं, अंगावर ठिकठिकाणी विरळ भाग पडतात आणि घरात रडारड होते. खाली त्वचा स्वच्छ असेल, खाज नसेल, तर थांबायचं. त्यावर उपाय काळच.

काळ्याखेरीज इतर रंगही उतरतात. गडद जर्दाळू रंगाचा टॉय पूडल फिकट होत होत क्रीमवर येतो. टिकतो तो फक्त मोठा पांढरा भाग, पांढऱ्याचं काळं होत नाही. पण पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी त्वचेवर काळे ठिपके उमटू शकतात आणि अंघोळीनंतर केस ओले झाले की ते एकदम डोळ्यांत भरतात. पोटावर असे सपाट, न खाजणारे ठिपके दिसले तर तो रोग नाही.

वरवर बघणं, मुळाशी न बघणं

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. पिल्लाला दिवसाउजेडी खिडकीपाशी मांडीवर घ्या. पाठीच्या मधोमध, खांद्याच्या थोडं मागे, बोटांनी भांग पाडा. केस त्वचेतून जिथे निघतो तिथला रंग बघा, मग टोकाचा बघा. मेंदी लावलेल्या केसांत मुळाशी खरा रंग डोकावतो तसंच हे आहे. टोक म्हणजे काही महिन्यांपूर्वीचा केस, मूळ म्हणजे या आठवड्यातला.

मुळाशी चंदेरी आणि टोकाला काळं, डाव्या-उजव्या बाजूला सारखंच, त्वचा गुलाबीसर किंवा राखाडी पण कोरडी आणि स्वच्छ, खाज नाही, वास नाही. हा वयाचा बदल. पॉमेरेनियनमध्ये मोठेपणीच्या रंगाचा अंदाज घ्यायला ब्रीडर मंडळी कानामागची लव बघतात, तीही बघून ठेवा. शिवाय आई-बापांचे मोठेपणीचे फोटो मागा, आणि त्यांच्या पिल्लूपणाचे असतील तर तेही. भावंडांच्या फोटोपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

मुळं आधीसारखीच आणि फक्त टोकं तांबूस, तीही पाठीवर, तर ते ऊन आहे. गच्चीत दुपारभर पडून राहणाऱ्या काळ्या कुत्र्याला हे होतंच.

ग्रूमरवर येणारा आळही याच हिशोबात बसतो. सेबल पिल्लाचे केस बारीक कापले की काळी टोकं जमिनीवर आणि फिकट मुळं अंगावर. कुत्रं अर्ध्या तासात दोन छटा उजळ होऊन घरी येतं. शाम्पूनं रंग घालवलेला नसतो, तो कात्रीसोबत गेलेला असतो.

नाक न बघता रंग ठरवणं

केस फसवतात, नाक सहसा फसवत नाही. जन्मतः पुष्कळ पिल्लांची नाकं गुलाबी असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत भरतात. ती भरल्यावर नीट बघा. खऱ्या लिव्हर म्हणजे चॉकलेटी कुत्र्याचं नाक, ओठ आणि पापण्यांच्या कडा तपकिरीच असतात, त्या कधीच काळ्या होत नाहीत. डोळेही बहुधा पिंगट. खऱ्या निळ्या छटेच्या कुत्र्याचं नाक पाटीसारखं करडं.

म्हणून कुणी "चॉकलेट शिह त्झू" म्हणून वीस हजार जास्त मागत असेल आणि पिल्लाचं नाक डांबरासारखं काळं असेल, तर ते चॉकलेट नाही. ते सेबल असेल, उन्हानं तांबडलेलं काळं असेल, किंवा क्वचित रंगवलेलंही असेल. शंका आली तर ओला पांढरा कापूस मुळांपासून टोकाकडे दाबून फिरवा आणि कापसाला रंग लागतो का बघा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून तर रंग ठरवूच नका. पिवळ्या बल्बखाली क्रीम पिल्लू जर्दाळू दिसतं आणि फिल्टर लावला की काहीही दिसतं.

"रेअर" रंगाचे जास्त पैसे मोजणं

इथे माझं मत स्पष्ट आहे, छोट्या जातींमध्ये "रेअर कलर" हा शब्द ऐकला की पाकीट बंद करावं. ठिपक्या-डागांचा मर्ल रंग आणि त्याबरोबर येणारा निळा डोळा दिसायला देखणा असतो. पण दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली की सरासरी चारांतल्या एका पिल्लाला हा गुण दोन्हीकडून मिळतो, आणि अशा पिल्लांमध्ये बहिरेपण व डोळ्यांचे जन्मजात दोष मोठ्या प्रमाणावर आढळतात. चिहुआहुआच्या आंतरराष्ट्रीय मानकात मर्ल रंग चालत नाही, तो याच काळजीपोटी.

यातली खोच अशी की मर्ल फक्त काळ्या रंगद्रव्यावर उमटतो. अंगभर क्रीम किंवा नारिंगी असलेल्या पॉममध्ये तो गुण असला तरी डोळ्यांना दिसत नाही. वर्षभरानं सोसायटीतल्याच एखाद्या मर्ल पॉमशी जोडी लावायचा विचार कुणी करत असेल तर आधी गालाच्या आतून कापूस फिरवून डीएनए तपासणी करायला हवी.

निळ्या आणि लिलॅक (फिकट जांभळट-करड्या) छटांचा प्रश्न वेगळा. रंग पातळ करणाऱ्या या गुणाबरोबर काही कुत्र्यांचे केसच ठिसूळ होतात. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कधीही, निळ्या भागावरचे केस विरळ होऊ लागतात, त्वचेवर कोंडा आणि पुटकुळ्या येतात. हे बरं होत नाही, त्वचा सांभाळता तेवढी येते. प्रत्येक निळ्या कुत्र्याला होतं असं नाही, पण पैसे मोजताना हे कुणी सांगत नाही.

पॉमला उन्हाळ्यात भादरणं

नको. पॉमेरेनियनच्या दुहेरी केसांना (वर लांब केस, खाली मऊ लव) मशीन लावल्यावर ते परत यायला कधी सहा महिने, कधी वर्ष, तर कधी त्याहून जास्त लागतात. आले तरी पोत आणि छटा वेगळी असू शकते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यातही विंचरून खालची मेलेली लव काढणं, सावली, गार फरशी आणि पाणी हेच उपाय. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज यांना हा नियम लागू नाही, त्यांचे केस खुशाल कापा.

डोळ्यांखालचे आणि पंजांवरचे तांबडे डाग "रंग" समजणं

हा केसांचा रंग नाही, लागलेला डाग आहे. तांबड्या पेशी मोडताना तयार होणारे पॉर्फिरिन नावाचे लोहयुक्त पदार्थ कुत्र्यांच्या अश्रूंतून आणि लाळेतून बाहेर पडतात. फिकट केस त्यात सतत भिजले की विटकरी होतात. काळ्या कुत्र्यालाही तेवढंच पाणी येतं, दिसत नाही इतकंच.

डोळ्यांखाली डाग असेल तर पाणी का वाहतंय हे आधी बघायचं. केस बुबुळाला घासतायत का, पापणी आत वळलीय का, अश्रुनलिका बंद आहे का. हे पशुवैद्य सांगतील. घरातले माणसांचे आय ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाण्यापर्यंत वेळ येते. ऑनलाइन मिळणाऱ्या डाग घालवणाऱ्या पावडरींबद्दलही सावध राहा. अशा काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक मंजुरीशिवाय वापरलं जातं म्हणून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं 2014 मध्ये कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. डागासाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविक चारणं हा उपाय नव्हे. स्वच्छ ओल्या कापसानं दिवसातून दोनदा पुसा आणि लगेच कोरडं करा. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ कधीही नको.

पंजे तांबडे म्हणजे कुत्रं ते चाटतंय. बोटं फाकवून मध्ये बघा. लाल, ओलसर, चिकट आणि आंबूस वास असेल तर तिथे यीस्ट नावाची बुरशी वाढलीय. गोचीड बसलीय का तेही बघा. मुळाशी ॲलर्जी असू शकते किंवा लादी पुसायचं फिनेल. पावसाळ्यात फिरवून आणल्यावर बोटांच्या बेचक्या टॉवेलनं कोरड्या केल्या तर निम्मा त्रास तिथेच थांबतो.

होळी-रंगपंचमीनंतर हिरवं झालेलं पांढरं पॉम आणि हळद-खोबरेल लावल्यानं पिवळं पडलेलं माल्टीज हे वेगळं प्रकरण. पावडर असेल तर आधी कोरडाच ब्रश फिरवून झटका, मग कुत्र्यांच्या शाम्पूनं धुवा, आणि तोवर चाटू देऊ नका.

दूध-पोळीवर वाढवणं आणि बायोटिनची बाटली आणणं

काळ्या पिल्लाचा सगळा अंगरखाच, मुळांसकट, निस्तेज तांबूस होत असेल तर ताटात बघा. काळं रंगद्रव्य शरीर बनवतं ते फेनिलॲलनिन आणि टायरोसिन या प्रथिनांतल्या घटकांपासून. वाढीला जेवढे लागतात त्याहून जास्त ते रंगाला लागतात. त्यामुळे दूध-पोळी, दही-भात आणि बिस्किटांवर वाढणारं पिल्लू वजनानं ठीक दिसतं, पण काळेपणा उतरतो. घरात मांसाहार चालत नसेल तर पिल्लांसाठी संपूर्ण आहार म्हणून बनवलेलं खाद्य द्या आणि त्यात काय काय मिसळायचं ते डॉक्टरांना विचारा. आहार सुधारल्यावरही रंग लगेच परतत नाही, जुना केस झडून नवा यावा लागतो. त्याला काही महिने जातात.

रंग बनायला तांबंही लागतं, हे वाचून तांब्याच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. जास्तीचं तांबं यकृतात साठतं. आणि जो रंग वंशानंच उतरणार आहे, तो बायोटिन, माशाचं तेल, समुद्री शेवाळ यांपैकी कशानंही थांबत नाही.

चट्टा दिसला तरी वाट बघणं

वयाचा बदल सगळीकडे पसरत जातो. एकाच जागी, कडा असलेला बदल दिसला की डॉक्टरांकडे जायचं. डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर केस जाऊन करडी त्वचा दिसतेय, हे पिल्लांमध्ये डेमोडेक्स किड्यामुळे होतं. गोल, कोंडा असलेला, तुटक्या केसांचा चट्टा म्हणजे नायटा असू शकतो, आणि तो घरातल्या मुलांनाही लागतो. दोन्हींत डॉक्टर त्वचा खरवडून किंवा केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. न बघता कुणी मलम दिलं तर "आधी स्क्रेपिंग करूया का?" असं विचारा.

रेबीजची लस टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी केस जाऊन काळपट चट्टा पडणं हेही छोट्या जातींत होतं. त्या भीतीनं पुढची लस स्वतःच टाळू नका. डॉक्टरांना चट्टा दाखवा, पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

जुना फोटो तसाच ठेवणं

नोंदणीच्या कागदावर आणि महापालिकेच्या परवान्यावर लिहिलेला रंग पिल्लू लहान असतानाचा असतो. "काळं शिह त्झू हरवलं" असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत तर समोरून चालणारं चंदेरी कुत्रं कुणी थांबवणार नाही. महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच बाजूनं फोटो काढा. डॉक्टरांनाही बदल कधी सुरू झाला ते त्यावरून कळतं. वर्ष पूर्ण झालं की परवान्यावरचं वर्णन बदलून घ्या, केस वाढलेले असतानाचा एक आणि कापल्यानंतरचा एक असे दोन फोटो फोनमध्ये ठेवा, आणि मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा पंधरा अंकी नंबर त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.